धुतलेली नाली

जनावरांच्या डॉक्टरबाई येणार म्हणून मी सकाळीच गोठ्याची नाली फिनेल ओतून खराट्यानं लख्ख घासली. गौरीला तिसऱ्यांदा दगडी झाली होती. कास कडक झालेली, सडातून दुधाऐवजी गाठी यायच्या आणि इंजेक्शनं लागू पडेनाशी झाली होती.

बाईंनी पिशवीतून रिकामी बाटली काढली. "वहिनी, मला नालीतलं घाण पाणी हवंय. या रोगाच्या जंतूंना मारणारे विषाणू अशा घाणीतच सापडतात. त्यांचं औषध करता येतं का, ते आम्ही बघतोय."

"आत्ताच धुतली हो," मी म्हणाले.

"मग आठवड्यानं येते. तोवर धुऊ नका."

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. जन्मभर मी घाणीला वैरी मानत आले. त्या घाणीतच रोगाचाही वैरी राहतो म्हणे. मग आजवर मी रोज सकाळी नेमकं काय वाहून घालवत होते? नालीत डोकावते, तर नुसतं शेणामुताचं पाणी दिसतं. मागे गौरी पाय झाडत असते.

काल वासाला कंटाळून सासूबाई खराटा शोधत होत्या. मी तो कडब्याच्या गंजीमागे लपवून ठेवलाय.