रोलमधला अकरावा फोटो

दिवाळी अंकासाठी साहित्य मागवण्याची सूचना त्या मासिकात छापून आली की माझ्या अंगात वारं शिरायचं. मासिक मराठवाड्यातलंच. आमच्या वालूरच्या वाचनालयात त्याची एकच प्रत यायची आणि ती माझ्याआधी कोणी हातात घेतली तर मला राग यायचा. मजकूर कागदाच्या एकाच बाजूला लिहावा, परत हवा असल्यास स्वतःचा पत्ता लिहून तिकिटं लावलेलं पाकीट सोबत जोडावं, हे नियम मला तोंडपाठ होते. ते पाकीट दर वेळी इमानाने परत यायचं. पोस्टमन लांबूनच ओरडायचा, "तुमचंच अक्षर हाय भाऊ, घ्या." सगळ्या गल्लीला कळायचं. एकदा, फक्त एकदा माझं नाव छापून यावं, एवढंच मला हवं होतं. ते इतकं हवं होतं की जेवताना मी आमटीत बोट बुडवून ताटावर सही करायचो.

त्या वर्षी सूचनेत एक ओळ वाढली होती. ग्रामीण जीवनाची छायाचित्रंही पाठवावीत. मी तेव्हा सेलूला कॉलेजात जात होतो. तिथल्या एका मित्राच्या मामाकडे डब्यासारखा कॅमेरा होता. आठ दिवस त्याच्या मागे लागून मी तो दोन दिवसांसाठी मिळवला. रोलमध्ये बारा फोटो. कविता राहिल्या तर राहिल्या, फोटोवर तरी नाव येईल, असा माझा हिशेब.

शेतात खुरपणी चालू होती. वैनी आणि गल्लीतल्या सात-आठ बाया ओळीने खुरपत होत्या. वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, लग्न होऊन सहा वर्षं झालेली. मी कॅमेरा काढला मात्र, सगळ्यांनी खुरपी खाली ठेवली, पदर कपाळापर्यंत ओढले आणि पंचनाम्याला बोलावल्यासारख्या उभ्या राहिल्या. मी म्हणालो, खुरपत राहा, इकडे बघू नका. त्या आणखी ताठ झाल्या. मी चिडलो, तशी एकीने पदराचं टोक दातातच धरलं. दहा फोटो असे वाया घालवून मी वैतागून बांधावर बसलो.

दुपारी बाया लिंबाखाली भाकरी खायला बसल्या. वैनी माझ्याकडे आली. "भाऊजी, ह्याचं बटन कोणतं हो?"

मी दाखवलं.

"एक काढू द्या की मला."

"एकच," मी म्हणालो आणि मोठ्या उपकाराने कॅमेरा तिच्या हातात दिला. मग पाणी प्यायला विहिरीवर गेलो. मागून हसण्याचा असा लोट आला की झाडावरचे राघू उडाले. परत आलो तेव्हा पदर जागच्या जागी होते. "काय झालं हो वैनी?" म्हटलं, तर ती म्हणाली, "कुठं काय." उरलेला बारावा फोटो मी आमच्या बैलांचा काढला.

सेलूच्या स्टुडिओत फोटो धुऊन आले आणि मी दुकानाच्या पायरीवरच बसलो. अकरावा फोटो बघतच राहावा असा होता. एकीचा घास तोंडातच होता, एक दुसरीच्या खांद्यावर कोसळली होती, एक म्हातारी कॅमेऱ्यावर खुरपं रोखून हसत होती आणि कुणाच्याही डोक्यावर पदर नव्हता. मी माझ्या चार फोटोंबरोबर तो ठेवला, तीन कविता जोडल्या आणि नियमाप्रमाणे प्रत्येक फोटोमागे नाव लिहिलं. माझं. अकराव्यामागे लिहिताना पेन अडलं नाही. अडायला हवं होतं.

महिन्याभराने पोस्टमन आला. एका हातात माझ्या अक्षरातलं जाडजूड पाकीट, दुसऱ्या हातात एक कार्ड. "ह्यो कागद मातर नवा हाय भाऊ," तो म्हणाला. त्याने ते वाचलेलं होतं हे उघड होतं. संपादकांनी लिहिलं होतं, कविता साभार परत. मात्र शेतातल्या बायांचं एक छायाचित्र दिवाळी अंकात घेत आहोत. पुरुषमाणसासमोर बाया अशा हसत नाहीत, हे आपण कसं साधलंत? नाव कसं छापायचं ते उलट टपाली कळवावं.

मी नाचलो. खरोखर नाचलो, अंगणात. आई-बाबांना कार्ड वाचून दाखवलं, दादाला दाखवलं, पोस्टमनला पुन्हा दाखवलं. माझी गडबड ऐकून वैनी पिठाच्या हाताने दारात आली.

"कोणता फोटो हो भाऊजी?"

"त्यो... बायांचा."

तिने माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली आणि परत परातीकडे गेली. माझा आनंद तिथे जरासा ठेचकाळला, पण मी त्याला तसाच पुढे ओढला. उत्तराचं कार्ड लिहिलं, त्यावर माझं पूर्ण नाव घातलं आणि सेलूला टाकू म्हणून खिशात ठेवलं.

त्या दिवसांत आमच्या कॉलेजात दुसरा विषय नव्हता. विद्यापीठाच्या नामांतरावरून रोज वाद व्हायचे, कधी ते हातघाईवरही यायचे. मी नामांतराच्या बाजूचा आणि माझा आवाज मोठा. त्या दुपारीही कॅन्टीनमध्ये टेबलावर हात आपटून मी सांगत होतो की नावात काय आहे असं तेच म्हणतात ज्यांचं नाव कधी कुणी झाकलेलं नसतं, ज्याचा मान त्याला दिलाच पाहिजे. समोरचा उठून गेला. मला फार बरं वाटलं. चहाचे पैसे काढायला खिशात हात घातला तर हाताला ते कार्ड लागलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की चहा न पिताच मी एसटी पकडली.

घरी वैनी एकटीच ज्वारी निवडत होती. मी कार्डाचे दोन तुकडे करून तिच्यासमोर ठेवले आणि म्हणालो, "वैनी, फोटो तुमी काढला. तुमचं नाव घालतो."

ती निवडतच राहिली. "मामंजी काय म्हणतील?"

"ते मी बघतो."

मान वर न करता तिने विचारलं, "कोणतं नाव घालताव?"

मला कळेना. तेव्हा तिने एक नाव सांगितलं. लग्नात दादाने ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं होतं, त्याआधीचं. ते आमच्या घरात सहा वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. पत्रिकेवर छापलं असेल, पण मलासुद्धा ते ठाऊक नव्हतं.

"आडनाव तुमचंच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "नाव तेवढं माझं घाला."

दिवाळीच्या तोंडावर अंक आला. मी सेलूच्या स्टँडवरच तो उघडला. पाऊण पान भरून फोटो होता. माझी कविता असती तर इतकं धडधडलं नसतं. एसटीत शेजारच्या अनोळखी माणसालाही तो दाखवला. घरात शिरलो तो अंक डोक्यावर धरूनच.

बाबांनी चष्मा लावला. फोटो बघितला, ओळखीच्या बाया बघून हसले. मग खालची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. छायाचित्रकार म्हणून ते नाव, पुढे आमचं आडनाव.

"आपल्या भावकीत ही कोण?" त्यांनी आईला विचारलं. आईने मान हलवली. दादा माझ्याकडे बघायला लागला. मी सगळं बोलायची तयारी केली होती, पण ऐन वेळी मी वाकून चपला काढत राहिलो.

स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "मी हाय, मामंजी."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, पुन्हा अंकाकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला आणि ते नाव आणखी एकदा वाचलं. या वेळी आडनाव सोडून, हळू, हाक मारावी तसं.

"ओ," वैनी म्हणाली.