कालवणात गेलेलं खाडीचं वर्ष

कराडहून निघालेल्या एसटीनं मला कळंबोलीच्या पुलाखाली उतरवलं आणि रिक्षावाल्यानं नावड्यात आणून सोडलं. एका अंगाला तळोज्याच्या कारखान्यांचा वास, दुसऱ्या अंगाला टॉवर आणि मधे यमुनाकाकूंचं तीन मजली घर. काकू मूळच्या इथल्या आगरी. भातशेती गेली, भाडेकरू आले.

वरच्या खोलीत माझी भाची केतकी भाड्यानं राहते. फार पूर्वीच्या एका उष्ण काळात समुद्र किती तापला होता, हे ती जुन्या शिंपल्यांवरून शोधते. शिंपला थराथरानं वाढतो आणि प्रत्येक थर त्या वेळच्या पाण्याची ऊब धरून ठेवतो म्हणे. आमच्या घरात कुणाला कालची भाजी आठवत नाही.

केतकी कामावर होती. काकूंनी मला जेवायला बसवलं. तिसऱ्यांचं (खाडीतले शिंपले) कालवण, तांदळाची भाकरी. मी दोनदा वाढून घेतलं.

संध्याकाळी केतकीनं काकूंचा फ्रीज उघडला आणि ती तिथंच खाली बसली. जुन्या शिंपल्यांचा हिशेब ताडून बघायला तिनं वर्षभर खाडीत पिंजरा लावून तिसऱ्या वाढवल्या होत्या, शेजारी थर्मामीटर ठेवून. त्या कालच काढून इथं ठेवल्या होत्या. उकळलेला शिंपला पुराव्याला चालत नाही. वर्ष पाण्यात गेलं होतं, उकळत्या.

"काकू, विचारायचं तरी."

"काय इचारायचं? मावशी येनार म्हनून तूच आनल्यास, असं वाटलं. पावनीला काय डाळ वाढू?"

केतकी रडायच्या बेतात होती. मला आठवलं, कालवणात प्रत्येक तिसरीला एकच शिंपली होती. दुसरी कुठं गेली, मी विचारलं. तिसरी मोरलीवर (विळीवर) कच्चीच फोडायची, मांस एका शिंपलीत ठेवायचं, रिकामी टाकायची, असा काकूंचा रिवाज.

"टाकल्या कुठं?"

"माडाखाली. उकिरड्याव."

दोन्ही शिंपल्यांत थर तेच असतात, म्हणत केतकी चप्पल न घालता धावली. आम्ही तिघी उकिडव्या बसलो. चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, त्यात आमचं विज्ञान.

"खाताना तुमी बरं काय बोलला नाय," काकू मला म्हणाल्या.

परतीच्या एसटीत माझ्या हातांच्या वासानं शेजारणीनं खिडकी उघडली. केतकीचा मेसेज आला: बऱ्याचशा शिंपल्या शाबूत आहेत, काम पुढं चालेल. विज्ञान हुशार माणसांमुळं पुढं जातं म्हणतात. इथं ते निम्मा शिंपला फेकून दिल्यामुळं पुढं गेलं. उरलेला निम्मा फार चविष्ट होता. तसं मी निघताना काकूंना सांगितलं. केतकीला नाही.