दहाच्या भोंग्याचा संप
"संप कुणी केलाय? मला नावं पाहिजेत," मोडकसाहेब म्हणाले.

नावं मला माहीत होती. सर्जा, राजा, ढवळ्या, पवळ्या. पण ती साहेबांसमोर घेतली असती, तर माझी नोकरी तिथंच संपली असती.

पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराची गोष्ट. आमच्या भागात साखर कारखाना नवा होता आणि मी केन यार्डात सुपरवायझर होतो, तोही प्रोबेशनवर. केन यार्ड म्हणजे उसाच्या गाड्या येऊन थांबतात ते आवार. तिथला ऊस गव्हाणीत पडतो. गव्हाण म्हणजे ऊस मिलकडे नेणारा सरकता पट्टा. ती रिकामी राहिली की मिल थांबते, त्याला आम्ही 'नो केन' म्हणत असू. 'नो केन' झालं की सगळे आधी यार्डाच्या सुपरवायझरला शोधतात. माझं नुकतंच लग्न झालं होतं. पोरगा पगारदार झाला म्हणून वडिलांनी सुप्याच्या बाजारात पेढे वाटले होते. नोकरी गेली असती तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती.

झालं होतं असं. मोडकसाहेब नवे मॅनेजर. कामगार सगळे आसपासचे शेतकरी, मनाला येईल तेव्हा मिल सोडून चहाला जायचे. साहेबांनी ऑर्डर काढली, "सकाळी दहाला लांब भोंगा. सगळ्यांनी एकदमच चहाला जायचं."

तोवर लांब भोंगा फक्त दुपारी वाजायचा. पाळी बदलायचे भोंगे आखूड. त्या लांब भोंग्यावर सगळ्या शिवाराची दुपार ठरे. औत सुटे, बैलांना वैरणपाणी मिळे. हेच बैल हंगामात उसाच्या गाड्यांना जुंपलेले. दुपारी गाड्या थांबणार हे धरूनच आम्ही यार्डात ऊस साठवत असू. दहाला कोण साठवणार?

पहिल्याच दिवशी दहाचा भोंगा झाला आणि माणसं चहा पिऊन परतल्यावर थोड्याच वेळात गव्हाण रिकामी पडली. दुसऱ्या दिवशीही तेच. साहेबांना संपाचा वास आला. कारण मला कळलं होतं, पण चूक साहेबांच्या ऑर्डरीची आहे हे प्रोबेशनवरच्या माणसानं कसं सांगायचं? मी एवढंच म्हणालो, "साहेब, एकदा रस्त्यावर येऊन बघा."

तिसऱ्या दिवशी आम्ही जीपनं निमगाव केतकीच्या रस्त्याला गेलो. गाड्या रांगेनं येत होत्या. भोंगा झाला. पुढची गाडी थांबली, मग मागची, मग दिसेल तिथपर्यंतची सगळी रांग. पुढच्या गाडीवर दगडूआबा होते, निमगावचे जुने गाडीवान. ते खाली उतरून जू सोडायला पुढं झाले.

"आबा, संप कशासाठी?" साहेबांनी विचारलं.

"संप? आमी कशापायी करू? भोंगा झाला न्हवं?"

"तो चहाचा भोंगा आहे. बैलांचा नाही."

"मग तसं बैलास्नी सांगा, साहेब. मला वाटलं हाकावं, पर ती हालत न्हाईत."

साहेब हट्टी. कोट काढून माझ्या हातात दिला, स्वतः गाडीवर चढले आणि कासरा ओढून 'हैक, हैक' करत बसले. बैलांनी मान वळवून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि शांतपणे रवंथ सुरू केलं. मागचे गाडीवान उपरण्यात तोंड लपवून हसत होते. मला हसायची सोय नव्हती. हातात साहेबांचा कोट होता.

परतताना जीपमध्ये साहेबांनी माझ्याकडून कोट घेऊन अंगात चढवला. मग म्हणाले, "हे तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं?"

"व्हय, साहेब," मी म्हणालो. घाबरलं की माझी शहरी भाषा जाते.

त्यांनी दहाचा भोंगा बंद केला. चहासाठी शिपायाच्या हाती पितळी घंटा दिली. संप मिटला, आणि महिनाअखेर मी कायम झालो. साहेबांनी मला रस्त्यावरचा प्रकार कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलं, पण तोवर तो निमगावच्या बाजारात पोचला होता.

घंटेचं मात्र वेगळंच झालं. चहाला जायची घंटा सगळ्यांना ऐकू यायची, परत यायची कुणालाच नाही. एकदा साहेब वैतागून कँटीनमध्येच आले. "बैलांना कळलं, तुम्हाला का कळत नाही?"

मिलवरचे बाबूभाई बशीतला चहा फुंकत म्हणाले, "साहेब, बैलास्नी बी सुटायचंच कळलंय. जुपायचा भोंगा त्यास्नी तरी कुठं ऐकू येतोय?"

साहेबांनी स्वतःसाठीही चहा मागवला. सुटीचा भोंगा कुणाला शिकवावा लागत नाही. कामाच्या भोंग्यासाठी मात्र सुपरवायझर ठेवावा लागतो, आणि त्यावरच माझा सगळा संसार झाला.