दुसऱ्या मात्रेवरची टाळी

तोक्योतल्या आमच्या फुनाबोरीच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर मंजुषा पाटोळे राहते. आठवड्यातले पाच दिवस ती बेंतोच्या कारखान्यात जेवणाचे डबे भरते, आणि महिन्यातून एका शनिवारी दुपारी योकोहामाच्या एका छोट्या कॅफेत सोल गाते. सोल हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय माणसांचं गाणं. चर्चच्या भजनांतून निघालेलं, पण माणसांच्या प्रेमाबद्दल आणि रुसव्याफुगव्यांबद्दल बोलणारं. हे मला तिनेच सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडताना.

मंजुषा नगर जिल्ह्यातली, ख्रिस्ती घरातली. वडील दौलतराव, तिचे दादा, शाळेत मास्तर होते आणि रविवारी चर्चमध्ये पेटीवर बसत. सुट्टीत गावोगाव येशूच्या कथांवर कीर्तनं करत. सहा वर्षांची असल्यापासून ती त्यांच्यामागे उभी राहून धृपद धरायची. माईक नसायचा, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जाईल असा आवाज तिने तेव्हाच कमावला. लग्नानंतर नवरा सुशील याच्या संशोधनाच्या नोकरीपायी ती जपानला आली आणि गाणं सुटलंच. मुलगी अनया झोपावी म्हणून काय गुणगुणेल तेवढंच.

मग एकदा वॉर्डाच्या सभागृहाबाहेर तिला ओळखीचा शब्द दिसला, गॉस्पेल. आत पंचवीस जपानी बायका येशूची गाणी म्हणत होत्या, आणि त्यांत ख्रिस्ती एकही नव्हती. त्यांना गाणं आवडायचं, बस्स. शिकवणाऱ्या मिझोगुची-सेन्सेई बारा वर्षं अमेरिकेत राहून आलेल्या. त्यांनी मंजुषाचा आवाज ऐकून तिला पहिल्या रांगेत उभं केलं. दहा मिनिटांनी पुन्हा मागे पाठवलं. कारण टाळी.

चार मात्रा मोजा. आपण भजनात पहिलीवर आणि तिसरीवर टाळी देतो. या गाण्यांत ती दुसरीवर आणि चौथीवर असते. मंजुषाचा गळा अमेरिकेला जायचा, हात नगरलाच राहायचा. कारखान्यात भाताच्या मुदी टाकताना, स्टेशनचा जिना चढताना ती मोजत राहायची. छोटी अनया जपानीत म्हणायची, "आई, लोक बघतायत." चार महिन्यांनी हात वळला. दोन वर्षांनी सेन्सेईंनीच तिला त्या कॅफेत नेलं. त्याला आता सात वर्षं झाली.

यंदा वसंतात कॅफेच्या मालकांनी विचारलं, दर शनिवारी गाल का? सोमवारपर्यंत सांगा. नेमके त्याच आठवड्यात दौलतराव पहिल्यांदाच जपानला आले, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. फोनवर ते आधीच बोलून चुकले होते, "प्रभूची गाणी म्हणून मोठी झालीस, आणि आता बिअर पिणाऱ्यांपुढे प्रेमाची गातेस." मंजुषाने ठरवलं, दादांनी स्वतः ऐकावं. ते नको म्हणाले, तर दर शनिवारचं सोडाच, गाणंच बंद.

"वेडी आहेस का?" मी म्हटलं. "चाळिशी उलटली तुझी."

"गाणं त्यांनी दिलेलं आहे, ताई. त्यांना न विचारता कुठेही कसं वापरू?"

मी रोज संध्याकाळी दिव्यापुढे स्तोत्र म्हणणारी, मला ते कळलं. सुशील मात्र दोन दिवस गाल फुगवून होता.

शनिवारी आम्ही सगळे योकोहामाला गेलो. दौलतरावांनी कोट घातला होता. आत शिरताच त्यांनी वादकांना "सलाम" केला. नगरकडच्या ख्रिस्ती लोकांची ती पद्धत. वादक कमरेतून वाकले. मालकांनी त्यांना मानाने पहिल्या टेबलावर बसवलं आणि पुढ्यात बार्लीचा चहा ठेवला.

दोन गाणी ते खिडकीकडे बघत बसले. तिसरं ठेक्याचं होतं, आईवर रुसून घर सोडलेल्या मुलीचं. मास्तरांना इंग्रजी कळत होतं. त्यांची मान हलायला लागली. मग हात वर आले आणि त्यांनी टाळी धरली. पहिलीवर आणि तिसरीवर, पन्नास वर्षं कीर्तनांत धरली तशी, खणखणीत.

जपानी माणसं स्वतःहून टाळी सुरू करायची नाहीत. पण पुढे बसलेल्या वडीलधाऱ्या पाहुण्याने धरल्यावर त्याला एकटं कसं सोडायचं? मागचे दोघे लागले, मग सगळा कॅफे. चाळीस माणसं पहिलीवर. ड्रमवाला ओनुकी बिचारा दुसरीवर मारत होता, आणि गिटारवाला कुणाचं ऐकावं म्हणून दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

"मावशी, आजोबांना थांबवा ना," अनया कुजबुजली, तेही जपानीत. मी कशी थांबवू? माणूस आल्यापासून पहिल्यांदाच खुलला होता.

मंजुषाने हाताने खूण केली असती तर लोक थांबले असते. पण ते भर सभेत दादांचा हात धरल्यासारखं झालं असतं. तिने ओनुकीकडे पाहून एक बोट वर केलं आणि ओळीचा शेवटचा सूर एक मात्रा जास्त धरला. ओनुकीनेही तेवढी एक मात्रा जाऊ दिली. टाळ्या होत्या तशाच चालू राहिल्या, गाणं मात्र एक पाऊल मागे सरकलं, आणि चाळीस माणसांची टाळी बरोबर दुसरीवर येऊन बसली. लोकांना पत्ताही लागला नाही. ओनुकी हसायला लागला.

दौलतरावांना कळलं. त्यांचे हात हवेतच थांबले. त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं, आणि उरलेलं गाणं तिच्या चेहऱ्याकडे बघत ऐकलं.

परतीच्या ट्रेनमध्ये मंजुषाने विचारलंच, "दादा, सोडू का हे?"

"मात्रा वाढवलीस तू."

"हो."

"माझ्यामुळे."

"तुमची टाळी मोडवेना."

दौलतरावांनी कोटाची बटणं सोडली. मग ते म्हणाले, "पंचविशीत मी तमाशातल्या एका चालीवर भजन बसवलं होतं. चर्चच्या पाळकसाहेबांनी तीन महिने पेटीला हात लावू दिला नाही. म्हणाले, चाल बाटलेली आहे."

"हे कधी बोलला नाहीत तुम्ही."

"सांगण्यासारखं आहे का ते?"

"मग तीन महिने काय केलंत?"

"विहिरीवर म्हणायचो. बैलांची तक्रार नव्हती."

सुशील एवढ्याने हसला की समोर पेंगणाऱ्या बाईंनी डोळे उघडले.

"आणि ते भजन?" मी विचारलं.

"अजून म्हणतात. पाळकसाहेबांच्या नातीच्या लग्नात मीच म्हटलं."

मंजुषा वाट बघत होती. "दादा, माझं उत्तर राहिलं."

"आणखी काय उत्तर पाहिजे? दर शनिवारी म्हण. रविवारची उपासना चुकवू नकोस म्हणजे झालं."

तिने तिथेच मालकांना होकाराचा मेसेज टाकला.

"आणि त्या ढोलवाल्याला उद्या जेवायला बोलाव," दौलतराव म्हणाले. "एका बोटात समजणारा माणूस आहे. वाळलाय मात्र फार."

ओनुकी आला. मटणाचा रस्सा त्याला तिखट लागला, डोळ्यांतून पाणी आलं. तरी तीनदा घेतला.