ऊन ताटात की परातीत

वहिनी आणि वन्संचं गाणं चाललंय की भांडण, हे मला कधीच ओळखता आलं नाही. लखनौच्या आमच्या मराठी मंडळात कार्यक्रम बसवायचं काम माझ्याकडे. कोण किती वेळ गाणार, हे आधी ठरवावं लागतं. या दोघींपुढे माझं घड्याळ चालायचं नाही.

नात्याने नणंद-भावजय. वहिनींचे यजमान हवाई दलात होते. ते वारल्यावर त्यांची अविवाहित बहीण, जानकीपुरमच्या संशोधन संस्थेतून निवृत्त झालेली, अलीगंजला वहिनींकडे राहायला आली. गाणी मात्र दोघी वहिनींच्या पहिल्या दिवाळसणापासून रचत होत्या. त्या एकमेकींना ज्या नावांनी हाक मारत, तीच नावं सगळ्या मंडळाने उचलली.

एका कोजागिरीला वहिनींनी नवं गाणं सुरू केलं, “गच्चीवरचं ऊन गं, थोडं माझ्या ताटात...” वन्संनी पेटी थांबवली.

“वहिनी, ऊन ताटात मावतं होय? परात घ्या.”

“परात कशाला? कणीक मळायचीय?”

“घरी काय ठरलं होतं आपलं?”

“घरी तुम्ही घोरत होतात!”

लोक हसले, मागच्यांनी टाळ्याही वाजवल्या. तबल्यावरचे भैया माझ्याकडे वळून म्हणाले, “दीदी, गाना खतम हुआ क्या?” मला काय ठाऊक! तेवढ्यात दोघी परातीसकट पुढे गेल्यासुद्धा.

घरूनच शब्द पक्के करून या, असं मी एकदा सुनावलं. वन्सं म्हणाल्या, “अहो, घरी सगळं बरोबरच वाटतं. चूक चार माणसांत गायल्यावर दिसते.”

“आणि ती यांनाच दिसते,” वहिनी म्हणाल्या. हे कौतुक होतं की टोमणा, देव जाणे.

गेल्या पावसाळ्यात वन्सं गेल्या. वहिनींनी पेटी कपाटावर टाकली आणि आता गाणार नाही म्हणून सांगितलं. रडताना त्या मला दिसल्या नाहीत. त्यांना दुःख झालंय की राग आलाय, हेही कळेना. समजूत घालणं मला जमत नाही. संक्रांतीच्या कार्यक्रमात मी सरळ त्यांचं नाव घातलं.

“मला विचारलंत?” फोनवर कडाडल्या.

“नाही.”

“हं,” म्हणून फोन ठेवला. पण आल्या, पेटी घेऊन.

गाणं नवीन होतं. “धुकं आलं दारात, त्याला चहा देऊ का...” एवढं गाऊन त्या थांबल्या. पुढचं येईना. विसरल्या? कढ आला? भैयांनी माझ्याकडे पाहिलं. वहिनींच्या डोळ्यांत पाणीबिणी नव्हतं. त्या नुसत्या कपाळाला आठी घालून बसल्या होत्या, समोरून कुणीतरी बोलायचं राहिलंय अशा.

मला गाण्यातलं ओ का ठो कळत नाही. तरी खुर्चीतूनच म्हणाले, “वहिनी, धुक्याला चहा कसा देणार?”

त्या माझ्यावर खेकसल्या, “मग काय देऊ?”

तोंडाला आलं ते बोलून गेले, “खुर्ची द्या.”

वहिनींनी शब्द तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिला. “वन्संना चाललं नसतं,” म्हणाल्या, आणि पेटीचा भाता उघडला.

“शुरू से?” भैयांनी विचारलं.

“शुरू से.”