खड्ड्याच्या काठावरचा नियम

प्रयोगशाळेत त्याला सगळे 'अपशकुन' म्हणत. माणूस कुठे आणि कसा मरू शकेल, याचा आधीच विचार करून ठेवणं हेच त्याचं काम. नवं यंत्र आलं की बाकीचे टाळ्या वाजवत आणि हा गृहस्थ विचारी, "हे फुटलं तर?" लोक हसत. तोही हसे, बिचाऱ्याला दुसरं येत तरी काय होतं!

त्याचा एक नियम मात्र सगळ्यांना तोंडपाठ होता. यंत्राचे चुंबक थंड ठेवायला खालच्या खड्ड्यात द्रवरूप नायट्रोजन खेळवत. तो गळला की प्राणवायू कमी होतो. वास नाही, रंग नाही. माणूस बघता बघता कोसळतो आणि त्याला काढायला धावलेला दुसराही त्याच्याच अंगावर पडतो. म्हणून कुणीही पडलं तरी आत उतरायचं नाही. घंटा वाजवायची आणि पाठीला हवेच्या टाक्या लावून येणाऱ्या बचाव पथकाची वाट बघायची. लेक तिथेच तंत्रज्ञ म्हणून लागली, तेव्हा जेवायला बसल्यावर तो हे तिच्याकडून म्हणवून घेई.

"बाबा, घास तरी गिळू द्या!" ती वैतागायची.

एका दुपारी झडप गळली. खाली खड्ड्यात तिथेच काम करणारा तिचा होणारा नवरा होता. तो गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. शिडी तिच्या पायाशीच होती. तिने घंटा वाजवली आणि कठडा घट्ट धरून उभी राहिली. पथक आवाराच्या दुसऱ्या टोकाहून आलं, तोवर सगळं संपलं होतं.

"पथक इतकं लांब का ठेवलं?" तिने घरी विचारलं.

त्याला खोटं बोलता येईना. त्याच्या हिशेबात पहिला माणूस गेलेलाच धरला होता. वाचवायचा होता तो दुसरा.

"म्हणजे तुम्ही त्याला आधीच सोडून दिलं होतं," ती म्हणाली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. लेक जिवंत आहे, असं तो स्वतःला बजावत राही, आणि त्याची त्यालाच लाज वाटे.

पुढे नवी माणसं आली. त्यांना शिकवताना नियमापाशी येऊन त्याने वही मिटली. मागच्या बाकावरून लेक उठली.

"आत उतरायचं नाही," ती म्हणाली. "वर उभं राहायचं. त्याने आपलं नाव घेऊन हाक मारली, तरीही."

त्याने हाक मारली होती, हे बापाला तेव्हा कळलं.