किसनकाका आणि सुटलेला रानरेडा

किसनकाकांना शिकारीची कुठलीही गोष्ट सांगा, मेलेल्या जनावराबद्दल ते चकार शब्द विचारायचे नाहीत. कपाशीत घुसलेली डुकरं हाकलायला गेलेली मंडळी भाले घेऊन परतली, की गुडीहत्नूरच्या आमच्या गल्लीत ही गर्दी व्हायची. केवढं होतं, सुळे केवढे, आधी कुणी मारलं! काका गर्दीच्या कडेला उभे राहून शांतपणे विचारायचे, "लागून पळालं असं कोनतं हाय काय?" एखादं असलंच तर सगळे एकमेकांकडे बघायचे. "जखमी करून सोडलं, तं थे तुमचंच राह्यते लेकहो," काका म्हणायचे. "उद्या सरपनाले गेलेली बाई त्याच्यापुढं आली, तं थे बी तुमचंच."

काका आमचे शेजारी. वनखात्यात तीस वर्षं रोजंदारीवर वाचर, म्हणजे जंगलाचे राखणदार, होते. कायम व्हायचे राहूनच गेले, पण त्याची तक्रार त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांनी काकांना सही करायला शिकवली आणि काकांनी मला माग वाचायला. सकाळी अंगणातली माती पाहून ते आईला सांगायचे, "वहिनी, काल तुमच्याकडं पाव्हना आल्ता. उजव्या पायानं लचकते." आई चाट पडायची. मला मात्र हे कधी नीट जमलं नाही. "तू पाहतं, पन वाचत नाईस," ते म्हणायचे. "मास्तरचा पोरगा असून अक्षर ओळखत नाईस, बाप्पा!"

त्यांच्या त्या प्रश्नामागे त्यांचा बाप होता. तो हाकेवाला. साहेबलोकांचे पाहुणे शिकारीला आले, की आमच्या वस्तीतल्या माणसांना ढोल-डबे घेऊन जनावर उठवायला जावं लागायचं, नाही म्हणायची सोय नव्हती. एकदा एका पाहुण्याने अस्वलाला अर्धवट गोळी घातली. दुसऱ्या दिवशी त्याला दुसरीकडे वाघासाठी बसायचं होतं, तेव्हा अस्वलाच्या मागे हाकेवाल्यांना धाडलं. "बापाच्या हातात डबा व्हता, डबा!" काका सांगायचे. "अस्वलानं अर्धं तोंड काढलं. त्याच्यामांगं अकरा वर्सं जगला. जेवताना दुपट्टा आडवा धरे, आमी भ्यावं नाई म्हनून." हे मी लहानपणापासून किती वेळा ऐकलं असेन. तोंडपाठ होतं मला. म्हणूनच पुढचं सांगताना माझीच मला लाज वाटते.

मी आदिलाबादला एका जिनिंग मिलमध्ये मॅनेजर आहे. आमच्या शेठना शिकारीचा भारी शौक. इथे ससा मारला तरी तुरुंग, म्हणून त्यांनी टांझानियाची एकवीस दिवसांची सफारी ठरवली. एकाच दौऱ्यात सिंह, रानरेडा, बिबट्या आणि पाणघोडा. हत्तीही मिळत होता, पण शेठ कानाला हात लावून म्हणाले, "नहीं भाई, गणपती बाप्पा हैं." बाकीच्यांना देव नसावा. शेठना इंग्रजी येत नाही, तेव्हा त्यांचं तोंड म्हणून मी सोबत. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेलो होतो. नवे बूट घेतले, गावभर सांगितलं. काका तेवढं म्हणाले, "जाय बाप्पा. पाहून ये. डोये उघडे ठेव."

तिथे तिसऱ्याच दिवशी बूट चावले. आमच्यापुढे माग काढत चालणारा एक माणूस होता, काटकुळा, विटकी लाल टोपी घातलेला. माझं लंगडणं त्याने मागे वळून न बघता ओळखलं. थांबला, माझा पाय मांडीवर घेतला, कुठलासा पाला चुरडून फोडांवर बांधला आणि हसला. त्या क्षणी मला किसनकाकाच आठवले होते. तरीही पुढे जे करायचं ते मी केलंच.

सिंह झाला होता. नवव्या दिवशी शेठनी रानरेड्यावर गोळी झाडली. ती पोटात लागली आणि रेडा झाडीत शिरला. सफारी कंपनीने सोबत दिलेला गोरा शिकारी संध्याकाळपर्यंत माग काढत राहिला, मग म्हणाला, उद्या पुन्हा, जखमी रेडा सोडायचा नसतो. पण दुसऱ्या सकाळी निरोप आला, की दोन तासांवर झाडाला बांधलेल्या आमिषावर बिबट्या येऊन गेलाय. शेठनी मला बाजूला घेतलं. "सुधाकर, इसको समझाओ. रेडे के पीछे दिन मत गँवाओ." मी समजावलं. चांगल्या, स्वच्छ इंग्रजीत म्हणालो, "तुमची माणसं पाठवा की रेड्यामागे. ती त्यासाठीच तर आहेत."

हे शब्द शेठचे नव्हते. माझे होते. शिकाऱ्याने लाल टोपीवाल्याला आणि एका बंदूकवाल्या गार्डला रेड्यामागे पाठवलं. आम्ही बिबट्याकडे गेलो. बिबट्या मिळाला. कॅम्पवर हार्दिक-बिर्दिक अभिनंदन चाललेलं असताना जीप आली. रेडा फिरून स्वतःच्याच मागाच्या कडेला दबा धरून बसला होता. गार्डने त्याला मारला, पण त्याआधी त्याने टोपीवाल्याच्या पायाचा चेंदामेंदा केला होता. त्याला विमानाने नेलं. तीन दिवसांनी पाणघोडाही झाला. फोटोंखाली काय लिहायचं ते शेठना मीच सुचवलं.

परतलो तेव्हा घरात गल्ली लोटली होती. फोन हातोहात फिरत होता. काका आले. "जय भीम काका," म्हणत मी खुर्ची दिली. त्यांनी फोटो पाहिले नाहीत. "लागून पळालं असं कोनतं?" त्यांनी विचारलं.

"रेडा पळाला होता काका," मी म्हणालो. "पन सोडला नाई. बाकीचं सारं थांबवलं, आमी सोता गेलो मांगं. सापडला."

काका उठले. दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आपलं पोरगं व्हतं तिथं," ते सगळ्यांना म्हणाले, "म्हनून सोडलं नाई!"

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. पुढे तर काकांनी ही गोष्ट गावभर केली. चहाच्या टपरीवर, दळणाच्या रांगेत, बाजारहत्नूरच्या सोयऱ्यांकडे. चौदा एप्रिलला विहारात सभा होती, तिथे मला उभं करून म्हणाले, "माह्या बापाच्या वक्ताले असा एक मानूस असता, तं त्याचं तोंड वाचलं असतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. हात जोडले हो मी!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या ओसरीवर गेलो आणि सगळं सांगितलं. बिबट्या, टोपी, पाय, माझं इंग्रजी. एकही शब्द गाळला नाही. मला वाटलं आता शिव्या बसतील. बसायला हव्या होत्या.

"त्याचं नाव काय रे?" काकांनी विचारलं.

"कोनाचं?"

"पाय गेला त्याचं."

मला माहीत नव्हतं. नऊ दिवस त्याच्या पावलावर पाऊल टाकून चाललो, माझा पाय त्याच्या मांडीवर होता, आणि मी नाव विचारलं नव्हतं. आम्ही त्याला 'ट्रॅकर' म्हणायचो.

"शिकारीच्या दौऱ्याच्या सरकारी कागदात माह्या बापाचं असंच लिवलं व्हतं," काका म्हणाले. "तुह्या बापानं वाचून दाखवलं व्हतं मले. सायबाच्या बंदुकीचं नाव व्हतं, घोड्याचं नाव व्हतं. अन् खाली लिवलं, 'एक आदमी जखमी.'" मग आवाज न चढवता म्हणाले, "त्याचं नाव इचारून घे, सुधाकर."

बस, एवढंच. माझं खोटं त्यांनी गावात उघडं पाडलं नाही, पण ती गोष्ट पुन्हा कुणाला सांगितलीही नाही. भेटले की मात्र विचारायचे, "नाव मालूम पडलं काय?" मी म्हणायचो, "टाकतो काका मेसेज, कामात राहून गेलं." त्या शिकाऱ्याचा नंबर माझ्या फोनमध्येच होता. पण नाव विचारायचं म्हणजे 'मी तोच' हे सांगणं आलं. शेठही म्हणाले होते, मिटलेलं उकरू नकोस. मला तेवढं निमित्त पुरलं. पुढे काका अंथरुणाला खिळले, आदिलाबादच्या रिम्स इस्पितळात नेलं, परत आणलं. मला पाहून ओठ हलवायचे. मी त्यांच्या उशाशी बसून म्हणायचो, "टाकतो काका."

डिसेंबरात काका गेले. माती देऊन घरी आलो, अंघोळ केली आणि शिकाऱ्याला चार ओळी लिहिल्या. मी कोण, तेव्हा काय म्हणालो होतो, आणि त्या माणसाचं नाव काय.

त्याचं नाव एलिया. डावा पाय गुडघ्याखालून काढला. आता कॅम्पच्या स्वयंपाकघरात बसून भाजी चिरतो.

उत्तर यायला दोन दिवस लागले. काका आठ महिने विचारत होते.